पोपटाला सोनेगाव का चालत नाही?

माझा भाचा दोह्याला नोकरीला होता. कायमचं परत यायचं ठरलं तेव्हा त्याचा पहिला फोन सामानाबद्दल नव्हता, की इथल्या नोकरीबद्दलही नव्हता. "मामा, मिठूले थेट नागपूरले आणता येते का? विमान तर डायरेक्ट आहे."

मिठू म्हणजे आपला हिरवा राघू नव्हे. हा आफ्रिकेतला करडा पोपट. अंगावर राखी पिसं, शेपूट लालभडक, नजर जुन्या हेडमास्तरांसारखी. तिथल्या एका पक्षीबाजारात त्यानं तो पिलू असताना घेतला होता आणि चार वर्षांत त्याला वऱ्हाडी शिव्यांसकट बरंच काही शिकवलं होतं.

मी नाही म्हटलं तेव्हा तो भडकलाच. "टीव्ही आणता येते, सोनं दाखवून, ड्यूटी भरून आणता येते, मग पोपटानंच काय घोडं मारलं?"

प्रश्न रास्त आहे. आणि तो एकट्या भाच्याचा नाही. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांमधून जिवंत प्राणी निघाल्याच्या बातम्या हल्ली इतक्या येतात की वाचून पान उलटायची सवय झालीय. २०२५च्या जूनच्या सुरुवातीला तर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप आणि ५ कासवं निघाली. त्या सापांतले तीन अशा जातीचे होते, ज्यांच्या शेपटीचं टोक हुबेहूब कोळ्यासारखं दिसतं आणि त्याला भुलून पक्षी जवळ येतात. अशा बातमीच्या शेवटी एक ओळ असते: प्राणी "आले त्या देशात परत पाठवण्यात येतील". का परत? इथे प्राणिसंग्रहालयं नाहीत का? आणि कोणी रीतसर कागद घेऊन आणलं, तर ते उतरवायचं कुठे?

या सगळ्याचं मूळ एका साध्या नियमात आहे. वन्यजीव देशात आणायचे किंवा देशाबाहेर न्यायचे, तर ते ठरवून दिलेल्या ठिकाणांवरूनच. बाकी कुठूनही नाही.

आंतरराष्ट्रीय विमानतळावर सगळंच चालत नाही

नागपुरात सोनेगावला असलेल्या आपल्या विमानतळाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिथे कस्टम्सची माणसं आहेत, पासपोर्टवर शिक्का मारणारी आहेत. नागपुरातच अजनीला तर समुद्र नसताना बंदर आहे. कंटेनर डेपोत माल भरायचा, कस्टम्सचं काम इथेच उरकायचं आणि रेल्वेनं तो जहाजापर्यंत धाडायचा. म्हणजे नागपूरहून परदेशी व्यापार चालतो, यात वाद नाही.

पण विमानतळावर कस्टम्स असणं वेगळं आणि तिथून सगळ्या प्रकारचा माल सुटणं वेगळं. परदेशातून नवीकोरी मोटार आणायची तरी ती देशातल्या कुठल्याही बंदरात उतरवता येत नाही. औषधांचंही तसंच. ज्या मालाला बघणारा माणूस जाणकार लागतो, त्या मालासाठी दारं मोजकी ठेवायची, ही रीत जुनीच आहे.

ज्यांना जकात आठवते त्यांना हे लगेच कळेल. जकात होती तेव्हा ट्रक शहरात नाक्यावरूनच यायचा. नाक्यावर वजनकाटा, पावतीपुस्तक आणि तेलाचा डबा नुसता वाजवून आत काय आहे ते सांगणारा एखादा मुरलेला कारकून. कोणी वाडीचा नाका चुकवून शेतातल्या पांदणीनं ट्रक घातला, तर आत काय आहे हे बघायच्या आधीच तो चोर ठरायचा. माल साखरेचा असो की सिमेंटचा, नाका चुकवला हाच गुन्हा. वन्यजीवांच्या नियमाचा गाभा नेमका हाच आहे. तो पुढे पुन्हा लागेल.

सायटीस म्हणजे काय

एकच अवघड शब्द घेऊ आणि पुढे तोच वापरू: सायटीस. धोक्यात आलेल्या वन्य प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या परदेशी व्यापाराबद्दलचा हा आंतरराष्ट्रीय करार. ३ मार्च १९७३ला वॉशिंग्टनमध्ये तो झाला, १ जुलै १९७५पासून लागू झाला आणि भारत त्यात १९७६मध्ये आला. ३ मार्चला जागतिक वन्यजीव दिन पाळतात तो याचमुळे.

करारात तीन याद्या आहेत. पहिल्या यादीत नामशेष व्हायच्या काठावरचे जीव: वाघ, चित्ता, खवले मांजर. त्यांचा धंदा बंद. संशोधन, प्राणिसंग्रहालय अशा कारणासाठी हलवायचे तर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही देशांचे परवाने लागतात. दुसऱ्या यादीत असे जीव, की आज बरे आहेत पण मोकाट विकू दिले तर उद्या नसतील. बहुतेक जाती या यादीत आहेत. त्यांना पाठवणाऱ्या देशाचा परवाना लागतो. तिसऱ्या यादीत एखाद्या देशानं "आमच्याकडची ही जात सांभाळायला मदत करा" म्हणून घातलेली नावं.

भाच्याचा मिठू पूर्वी दुसऱ्या यादीत होता. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली जंगलं पोपट पकडणाऱ्यांनी इतकी झोडपली, की जानेवारी २०१७पासून तो वाघाच्या पंगतीत, पहिल्या यादीत जाऊन बसला. त्याचं तेच हुशार बोलणं त्याच्या मुळावर आलं.

करार देशांमध्ये असतो, कोर्टात लागतो कायदा. आपल्याकडे बरीच वर्षं सायटीसचा कारभार कस्टम्सचा कायदा आणि आयात-निर्यात धोरण यांच्या आधारानं चालला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, आणि सायटीससाठी कायद्यात वेगळं प्रकरणच आलं. चौथी अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, खास त्याची. आणि त्याच प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे, की या यादीतला कुठलाही जीव किंवा त्याची वस्तू तपासणीसाठी केंद्र सरकारनं ठरवलेल्या प्रवेशाच्या आणि निर्गमनाच्या ठिकाणीच हजर करायची.

दारं कोणती

प्राणी आणि त्यांच्यापासून बनलेल्या वस्तू यांसाठी वर्षानुवर्षं सांगितली जाणारी नावं सात: मुंबई, कोलकाता, दिल्ली, चेन्नई, कोची, तुतिकोरीन आणि अमृतसर. वनस्पतींची यादी थोडी लांब आहे. या याद्या सरकारी अधिसूचनेनं बदलतात, त्यामुळे माल हलवायच्या आधी त्या दिवशीची अधिसूचना बघायची, व्हॉट्सअॅपवर आलेली नव्हे.

जिवंत जनावराला यावर आणखी एक चाळणी आहे: पशू क्वारंटाइन, म्हणजे रोग नाही ना हे बघेपर्यंत वेगळं ठेवणं. त्याची मुख्य केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबादला. म्हणून परदेशातून घरी परतणाऱ्या माणसाच्या पाळीव कुत्र्यालाही नागपूरला थेट उतरता येत नाही. कुत्रा काही वन्यजीव नाही, त्याचा सायटीसशी संबंधही नाही, तरी त्याला क्वारंटाइनच्या गावाला वळसा घालावाच लागतो. पोपटाला तर दोन्ही चाळण्या.

यातली खरी गंमत कागदाची आहे. जून २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं सूचना काढली, की विदेशी जिवंत प्राणी आयात करायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाकडच्या अर्जाला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत पत्र जोडायचं. महाराष्ट्राचे मुख्य वन्यजीव रक्षक बसतात कुठे? आपल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. म्हणजे मुंबईच्या माणसाला पक्षी आणायचा तर पत्रासाठी फाइल नागपूरला येणार, आणि नागपूरच्या माणसाला आणायचा तर पक्षी मुंबईला उतरणार. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "हे तं लई झालं."

वरवर हा सरकारी विनोद वाटतो. मलाही आधी वाटला होता. पण पत्र देणं हे टेबलावरचं काम आहे, आणि पिंजऱ्यातला पक्षी पत्रावरचाच आहे का हे बघणं वेगळं काम आहे.

कागद आणि प्राणी एकाच माणसासमोर

सायटीसच्या परवान्यावर जातीचं शास्त्रीय नाव असतं, संख्या असते, वैध तारीख असते आणि एका रकान्यात एकच इंग्रजी अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे जंगलातून पकडलेला. सी म्हणजे पिंजऱ्यात जन्मलेल्या आईबापांच्या पोटी पिंजऱ्यातच जन्मलेला. आय म्हणजे जप्त केलेला. सगळी मेख या एका अक्षरात आहे. जंगलातून ओढून आणलेल्या पिलाच्या कागदावर सी लिहिलं, की चोरीचा माल धुऊन निघतो. हे पकडायचं कसं? कागद खराच असतो, शिक्काही खराच असतो. खोटं काय ते पिंजऱ्यात असतं. पायात बंद कडी आहे का, तिच्यावरचा क्रमांक कागदावरच्याशी जुळतो का? अशी कडी पिलाच्या पायात पहिल्या काही दिवसांतच चढते, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती घालताच येत नाही. कासवाच्या कवचावर रानातले ओरखडे आहेत का? पन्नास पिलं एकाच घाण्यातली म्हणावीत तर त्यांची वाढ सारखी आहे का?

निर्जीव वस्तूंचं तर आणखी नाजूक. हस्तिदंताचा कंगवा घ्या. विकणारा म्हणणार, हे मॅमथचं आहे, तो प्राणी केव्हाच संपला, त्यावर बंदी नाही. हाडाचं म्हणणारेही निघतात. जाणकार माणूस भिंग लावून आडवा छेद बघतो. खऱ्या दंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात, हाडात त्या नसतात. आणि बाहेरच्या कडेजवळ त्या रेषांचा कोन हत्तीच्या दंतात बोथट, काटकोनाहून बराच मोठा असतो, मॅमथच्या दंतात तो काटकोनाहून लहान असतो. कोटीचा माल आणि तुरुंग यांतला फरक असा एका कोनावर ठरतो. शाहतूश आणि पश्मिना या दोन शाली हाताला जवळपास सारख्याच मऊ लागतात. शाहतूशचा तंतू सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येतो. तो तिबेटी काळविटाचा, आणि त्यासाठी काळवीट मारावा लागतो.

शंका आली, की नमुना देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत जातो. तोवर माल कुठे ठेवायचा? साप असेल तर कशात, काय खायला घालून? पोपट असेल तर दुसऱ्या पक्ष्यांपासून किती लांब? ज्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं तयार आहेत, ती ठिकाणं मंजूर. २००७पासून यासाठी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो आहे आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नईसारख्या दारांवर त्याची कार्यालयं आहेत. कस्टम्सचा अधिकारी सोनं आणि सिगारेट ओळखण्यात तरबेज असतो. पाल आणि इगुआनाचं पिलू यांतला फरक त्यानं का सांगावा?

न बघता आत आलेल्यांचं आपण काय भोगतो

रोग आणि रानटी वाढ, ही दोन कारणं लोक पटकन सोडून देतात. बर्ड फ्लूचं नाव काढलं की आपल्याला कोंबडीचा भाव आठवतो, विमानातला पोपट नाही. म्हणून मी नेहमी गाजरगवत दाखवतो.

कुठल्याही पडीक जागेत, शाळेच्या मैदानाच्या कडेला, बांधावर पांढऱ्या बारीक फुलांचं ते गवत उभं असतं. हात लावला की खाज, नाकात गेलं की शिंका. काँग्रेस गवत म्हणूनही त्याला ओळखतात. भारतात त्याची नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि ते अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. ते मुद्दाम आणलं कोणी नव्हतं. गव्हाच्या पोत्यात बी होतं आणि ते बघायला कोणी बसलं नव्हतं, एवढंच.

रायमुनिया मात्र हौसेनं आणलेली. पुस्तकात तिला घाणेरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती बागेची शोभा म्हणून कोलकात्यात लावली. आज पेंचला जा, जंगलात तिच्या जाळ्या गवत दाबून बसलेल्या दिसतील. गवत नाही तर चितळ नाही, आणि पुढचं तुम्हीच जोडा. मोठी आफ्रिकी गोगलगायही १८४७मध्ये एका हौशी इंग्रजानं मॉरिशसहून कोलकात्याला आणली होती. आता ती देशभर भाजीवाल्यांच्या जिवावर उठली आहे.

मुंबईत जप्त झालेले साप इथेच ठेवून का घेत नाहीत, याचंही उत्तर निम्मं इथे आहे. त्या सापांबरोबर कोणता जंतू आला, कोणता परजीवी आला, हे कोणालाच माहीत नसतं. आणि प्राणिसंग्रहालय त्यांच्यासाठी उघडलं, तर चोरीचा माल रिचवायची सरकारी सोय झाली म्हणायची.

"पण चोर तर बॅगेतूनच आणतो, त्याला बंदराचं काय?"

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. चोर दाराची यादी वाचून येत नाही, खरंच आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये चेन्नई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत प्लास्टिकच्या टोपलीत बिबट्याचं महिनाभराचं पिलू सापडलं. ते ओरडलं म्हणून कळलं. चेन्नई तर मंजूर दारांपैकीच एक.

पण जकात नाक्याची गोष्ट आठवा. दारं मोजकी ठेवल्यानं चोर थांबत नाही, पण त्याची पळवाट अरुंद होते. मोजकी दारं नसती, तर पकडलेला माणूस म्हणाला असता, "साहेब, कागद आहेत, घरी राहिलेत, उद्या आणून देतो." मग तो कागद खरा की खोटा, यावर दोन वर्षं कोर्टात गेली असती. आता ज्या दारावर तपासणी होत नाही तिथून माल निघाला, की पहिला गुन्हा तिथेच ठरला. कागदाचा वाद नंतरचा.

निर्यातीतही तेच. ऑक्टोबर २०२३मध्ये न्हावा शेवा बंदरात काथ्याच्या पायपुसण्यांच्या नावाखाली चीनला निघालेल्या कंटेनरमधून सुमारे २८ लाख मोरपिसं निघाली. हा कंटेनर रानावनातून गेला नाही, नेहमीच्या बंदरातून, नेहमीच्या कागदांवर निघाला होता. म्हणून दार आहे यापेक्षा दारावर बसलेला माणूस पेटी उघडतो का, हे मोठं. हे काम दरवेळी नीट होतं असा माझा दावा नाही.

विदर्भाला हे परकं वाटू नये. आपल्या वाघाची कातडी आणि हाडं गल्लीत विकायला शिकारी मारत नाहीत. २०२५च्या सुरुवातीला चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात शिकाऱ्यांची टोळी पकडली गेली, तेव्हा तपासाचे धागे ईशान्य भारतापर्यंत गेले. म्हणजे सीमा तिकडे आहे आणि वाघ इकडे.

"मग चित्ते ग्वाल्हेरला कसे उतरले?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणारा बातम्या नीट वाचतो. १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियाहून ८ चित्ते आले, विमानाच्या नाकाडावर वाघाचा चेहरा रंगवलेला होता. १८ फेब्रुवारी २०२३ला दक्षिण आफ्रिकेतून १२ आले, हवाई दलाच्या विमानातून. दोन्ही विमानं ग्वाल्हेरला उतरली, तिथून हेलिकॉप्टरनं चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात गेले. चित्ता पहिल्या यादीतला आणि ग्वाल्हेर तर वरच्या सात नावांत नाही.

उत्तर असं, की हा दोन सरकारांमधला व्यवहार होता आणि सगळी सोय त्या एका खेपेसाठी तिथे नेऊन ठेवली होती. करार झालेले, पशुवैद्य बरोबर, आणि क्वारंटाइनसाठी कुनोतच आधीपासून उभारलेले वेगळे कुंपणवाडे. तपासणी टळली नाही, तपासणीचं टेबल उचलून मध्य प्रदेशात नेलं. एका पोपटासाठी सोनेगावला तसं टेबल मांडणं परवडणारं नाही, इतका साधा हिशेब आहे.

"देशाचा मध्य नागपूर, शून्य मैलाचा दगड इथे. मग इथेच दार का नाही?"

आपल्याकडे कुठलाही विषय शेवटी इथे येतोच. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१पासून सुरू आहे, तिथे आफ्रिकन सफारी करायची योजनाही आहे. उद्या जिराफ आणायचे ठरले तर? जिराफ २०१९पासून सायटीसच्या दुसऱ्या यादीत आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मंजुरी, आयात परवाना, क्वारंटाइन, मग मुंबईहून ७०१ किलोमीटर समृद्धी महामार्गानं नागपूर. वाटेत इगतपुरीचा बोगदा. जिराफ लहान वयाचे असतानाच हलवतात म्हणून बरं, नाहीतर मान कुठे ठेवायची हा वेगळाच अर्ज करावा लागला असता.

माझं मत विचाराल तर जिवंत प्राण्यांसाठी नागपूरला दार उघडायची घाई नको. आठवड्याला एखादी खेप येणार असेल, तर तिथे बसवलेला जाणकार वर्षभरात विसरभोळा होतो. ओळखण्याचं कसब रोजच्या रोज बघून टिकतं. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांत धावपट्टीवर पेट्या उतरवून ठेवायच्या, ही कल्पनाच मला सोसत नाही. वनस्पती आणि लाकडी वस्तूंचं मात्र वेगळं. विमानतळाजवळचा मिहान हा उद्योग आणि मालवाहतुकीचा प्रकल्प आहे, अजनीचा डेपो आहे, तिथे ओळखणारी माणसं नेमून काम चालू शकतं. हा विचार कोणी मांडला तर मी हात वर करीन.

शिसवीचं उदाहरण घ्या. २०१७पासून शिसवाची सगळी जात दुसऱ्या यादीत गेली आणि आपल्या लाकडी कलाकुसरीच्या धंद्याला घाम फुटला. मग नोव्हेंबर २०२२च्या सायटीसच्या पनामा बैठकीत भारतानं सवलत मिळवली: एकेका वस्तूतलं लाकूड १० किलोपेक्षा कमी असेल तर सायटीसचा परवाना नको. म्हणजे नियम दगडावरची रेघ नाही. गाऱ्हाणं कागदावर नीट मांडलं की तो वाकतो.

"मी धंदा करत नाही, देव्हाऱ्यातलं एक मोरपीस नेतोय"

नेऊ नका. आपोआप गळालेलं मोरपीस घरात ठेवायला आपला कायदा आडवा येत नाही, पण ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे. अमेरिकेतल्या मुलीकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत हमखास असतं ते. तिकडेही वन्यजीवांसाठी ठरावीक बंदरं आहेत, तिथल्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचे स्वतंत्र निरीक्षक आहेत आणि वन्यजीवांच्या मालासाठी ३-१७७ क्रमांकाचं जाहीरपत्र असतं.

वाघनखाचं लॉकेट आजोबांचं असलं तरी ते घरातच अडचणीचं आहे, विमानात तर नकोच. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दंड २५ हजार रुपये. प्रवाळाचा तुकडा, मगरीच्या कातड्याचं पाकीट, परदेशी बाजारातून घेतलेली कासवाच्या पाठीची फणी, सगळं याच रांगेत.

आणि इथेच दुकानात मिळणारे परदेशी पक्षी? कॉकाटील, बजरीगर यांना सायटीसमधून वगळलेलं आहे, ते ठेवायला हरकत नाही. चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी घरात असेल, तर २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं, सगळं कळवायचं. दुकानदार "कागद आहेत" म्हणाला, तर कागदावरचा क्रमांक आणि पायातल्या कडीवरचा क्रमांक स्वतः वाचा. बहुतेकदा दुकानदारानंही वाचलेला नसतो. उलट, ज्याला आपण सर्रास मिठू म्हणतो तो आपल्या आंब्यावरचा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं पूर्ण बेकायदा आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग पिंजरा कुठे आहे ते सांगायचं थांबवतो.

मिठूचं काय झालं

भाच्याला मी सगळी वाट सांगितली: कतारचा निर्यात परवाना, भारताचा आयात परवाना, विदेश व्यापारवाल्यांचा परवाना, वनभवनाचं पत्र, आरोग्य प्रमाणपत्र, मुंबईचं क्वारंटाइन. तो करायला तयारही होता. अडलं पहिल्याच पायरीवर. बाजारातल्या त्या विक्रेत्यानं पावतीवर फक्त "पक्षी, एक" लिहिलं होतं. पायात कडी नव्हती. म्हणजे मिठू कोणाच्या तरी पिंजऱ्यात जन्मला की कॅमेरूनच्या झाडावरून उतरवला, हे सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता. त्या रकान्यात कुठलं अक्षर लिहायचं, हे मिठूशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि तो फक्त शिव्या द्यायचा.

भाचा थेट विमानानं नागपूरला उतरला. हातात खजुराचे डबे होते. मिठू तिथेच, बाजूच्या खोलीतल्या मल्याळी मित्राकडे. रविवारी व्हिडिओ कॉल लावतात. पडद्यावर भाचा दिसला की तो मान वाकडी करून म्हणतो, "काय बे," आणि मित्र विचारतो, याचा अर्थ काय.